दारात उरलेली लहान चप्पल

अकोल्यातली ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात, कारण तिची सुरुवात माझ्याच मूर्खपणाने झाली. खांद्यावर तिसरा तारा नुकताच लागला होता आणि तो चार लोकांना दाखवल्याशिवाय मला चैन नव्हतं. वय पंचेचाळीस, अक्कल पाचवीतली.

एका सकाळी भाजीची गाडी लावणारी बाई ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने विचारलं, "काय चोरीला गेलं?"

"काई नाई गेलं. मले मॅडमशी बोलाचं हाय."

तिच्या गाडीसमोरच्या घरात एक गृहस्थ शिकवणी घ्यायचे. गल्लीत त्यांना मोठा मान. सहाला पोरं सुटत, दारातल्या चपला जात. एका मुलीचा लहान गुलाबी जोड मात्र रोज मागे राही आणि दार आतून बंद होई.

"ते पोट्टी पयले माह्या गाडीवरचं गाजर उचलून पळे, मॅडम. आता देल्लं तरी घेत नाई."

डायरीत नोंद केली आणि थेट त्या मुलीच्या घरी जीप काढली. कडक इस्त्रीचा गणवेश, सोबत दोन शिपाई. मुलगी नऊ वर्षांची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. मला पाहताच ती धान्याच्या कोठीमागे शिरली. "मी कोणाले नाई सांगतलं. मले नेऊ नका."

बालकाचा जबाब साध्या वेशात घ्यायचा, हे त्याच महिन्यात मी शिपायांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. 'बोललीस तर पोलीस उचलून नेतील,' असं त्या माणसाने तिला बजावलं होतं, हे मला नंतर कळलं. मी जीप घेऊन जाऊन त्याचा शब्द खरा करून दाखवला होता.

बाहेर गल्ली जमली. बापाने हात जोडले. "मॅडम, तुमी जा. लोकं काय म्हणतीन? उद्या तिचं लगन करा लागते."

तक्रार कोणीही देऊ शकतं. पण घरानेच दार लावून घेतलं तर पोर न्यायालयात एकटी पडते.

दुसऱ्या दिवशी सुती साडी नेसून, भाजीवाल्या बाईला घेऊन ऑटोने गेले. अंगणात मायलेकी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मीही बसले.

"असी नाई बांधत. सुटून जाते," मुलगी म्हणाली.

"मंग तू दाखव. मी ढ आहे."

"दिसूनच राह्यलं."

चार-पाच जुड्या झाल्यावर, मान खाली घालूनच, ती बोलायला लागली. मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. आईच्या हातातली मेथी हातातच राहिली. बाप दारात उभा राहून ऐकत होता.

भाजीवाली त्याला म्हणाली, "भाऊ, तोंड लपवाचं ते त्यानं लपवाव. तुमी काहून लपवता?"

तो आत गेला, सदरा बदलून आला. पोक्सोखाली, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, फिर्याद त्यानेच दिली.

चौकशीत ते गृहस्थ अगदी शांत होते. "मुलगी अभ्यासात कच्ची, म्हणून बहाणे करते. माझ्याकडे सगळी मुलं एकदमच सुटतात." तासभर याच वाक्याला ते चिकटून होते. शांत माणसाला ओरडून काही उपयोग नसतो. मी त्यांना तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलू दिलं आणि लिहून घेतलं.

तोवर भाजीवाल्या बाईने घरोघरी जाऊन आयांना सांगितलं होतं, आपापल्या लेकरांना जवळ घेऊन विचारा. सात मुलांनी सांगितलं की 'तिले रोज मांगं थांबवत'. आठव्या घरातली मुलगी काहीच बोलली नाही, नुसती रडली. तीन दिवसांनी तीही बोलली. आठही घरं साक्षीला उभी राहिली, एकही फिरलं नाही. त्या माणसाला शिक्षा झाली.

आता मी अमरावतीत नातवंडं सांभाळते. जेवत नाही म्हणून सून नातवाला पोलिसाची भीती दाखवते, तेव्हा मी तिलाच दटावते. पोरांनी घाबरल्यावर ज्याच्याकडे धावायचं, त्याचीच भीती आपण त्यांना घालतो. पोर गप्प झालं की कारण शोधायचं, आणि आपलं नसलं तरी शोधायचं. त्या बाईने एवढंच केलं होतं. तारे मी कुठेतरी पेटीत ठेवलेत. या खटल्याचा अभिमान मात्र रोज मिरवते.

निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात सगळी गल्ली आली होती. मुलीचा बाप माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, मी लोकाइलेच भेऊन राह्यलो होतो. आन् लोकंच माह्या मांगं उभे राह्यले."