तात्या गेले

पंचायत समितीच्या निवडणुकीत माझ्या वडिलांना मी एकट्यानं पाडलं. विरोधकांचा त्यात काडीचाही हात नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अण्णांचं सगळं राजकारण लोकांच्या दुःखावर चालायचं. इंदापूर तालुक्यात कोणीही वारलं की मातीपासून दहाव्यापर्यंत अण्णा हजर. कोण कधी वारलं, ही बातमी काढायचं खातं माझ्याकडं (घरात दुसरं कुठलंच काम मला जमत नव्हतं). मतदान आठवड्यावर आलं होतं. निरवांगीचे तात्या सांगतील तिथं त्यांची अख्खी वस्ती शिक्का मारायची, म्हणून त्यांना शेवटच्या सभेचं आवतण द्यायला मी फोन लावला. सुनेनं उचलला.

"तात्या गेलं की!"

"अरे देवा! कधी?"

"सकाळच्यालाच. लई घाईत गेलं. च्या बी न्हाय घेतला."

मी रडतच फोन ठेवला. "कुठं?" एवढा एक शब्द विचारायला हवा होता!

अण्णांनी भवानीनगरला जीप थांबवून हार घेतला आणि तात्यांच्या अंगणात पाय ठेवताच हंबरडा फोडला. चष्मा आणायला बारामतीला गेलेल्या सासऱ्यांची एस्टी उलटली, असं समजून सुनेनंही टाहो फोडला! तो ऐकून वस्ती गोळा झाली. मला वाटलं, चला, बातमी पक्की आहे. अण्णा डोळे पुसत बोलायला उभे राहिले.

"मला पंचायत समितीत बघायचं, ही तात्यांची एकच इच्छा अपुरी राहिली..."

तेवढ्यात नवा चष्मा लावून तात्या अंगणात आले. नव्या चष्म्यातून पहिलं काय दिसलं, तर स्वतःसाठी आणलेला हार!

"मग ती अपुरीच ऱ्हाऊ द्या, अण्णा," ते म्हणाले.

राहिली. अण्णा पडले आणि पुन्हा त्यांना कुणी उभं केलं नाही. दहाव्याला बोलवायलाही लोक बिचकू लागले. दिवसभर ते ओसरीवर बसून असायचे. मला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीन वर्षांनी एका सकाळी मी पुन्हा तोच फोन लावला.

"तात्या, अण्णा गेले."

"कुठं?"

"वारले हो, तात्या."

 मग हळूच, "नीट बघितलंस का रं?"

मी रिसीव्हर बाजूला ठेवला आणि आत जाऊन पुन्हा एकदा बघून आलो. या वेळी मात्र माझी बातमी खरी निघाली होती.