मावशीने मोडलेला ताफा

माझी मावशी मूळची बेळगावची, पण लग्नानंतर बंगळूरच्या राजाजीनगरातच राहिली. काका गेल्यावर घरात एकटीच. मी पुण्याहून बंगळूरला एका गेमच्या कंपनीत लागले, तेव्हा आमचा गेम तिला मीच शिकवला. प्रत्येकाचं एक जहाज, आणि सगळ्यांनी ताफा करून समुद्र पार करायचा. महिन्याची वर्गणी भरली की सगळं खुलं. मावशी त्यात इतकी रमली की ताफ्याची कप्तान झाली. येलहंकाचे हवाईदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि हुबळीची एक नर्स हे तिचे खलाशी. दुपारचा चहा झाला की फोनवर तिचे कानडीतून हुकूम सुरू.

पण वर्गणी भरणारे नवे लोक मिळेनात, म्हणून कंपनीनं गेम फुकट केला. मग कमाई कशातून? मार्ग मीच सुचवला. वादळात जहाज मोडलं की दुरुस्तीला काही तास लागतील, थांबायचं नसेल त्यानं पैसे द्यावेत. आणि ज्याच्यामुळे ताफा अडलाय, त्याचं नाव सगळ्यांना लाल अक्षरांत दिसेल. "ज्यांना वर्गणी परवडत नाही, तेही आता खेळतील," असं मी मीटिंगमध्ये म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण लाल नाव बघून माणूस शरमेनं पैसे देईल, हेही मला ठाऊक होतं.

एका रविवारी मावशीकडे जेवायला गेले. फोन बाजूला पडलेला.

"आज जहाज नाही?" मी विचारलं.

"मोडला की गं मी ताफा."

"का?"

"ती नर्स पोर. तिचं जहाज सारखं मोडायचं. आपल्यामुळे सगळे खोळंबतात म्हणून पगारातले पैसे घालत होती. मी म्हटलं, अगं, स्वल्प थांबलो तर काय बिघडतं? तर म्हणाली, अक्का, माझं नाव लाल दिसतं, लाज वाटते." मावशीनं माझ्या पानात आणखी भात वाढला. "ताफाच नसला तर कुणासाठी पैसे घालेल? म्हणून मोडला."

मी भात कालवायला घेतला.

"हे लाल नावाचं कुणाच्या डोक्यातून निघालं गं?"

"कंपनीत ठरतं तसं," मी म्हणाले. "बरेच लोक असतात."

"सरी, असू दे," ती म्हणाली आणि ताक आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात मी साहेबांना म्हटलं, लाल नाव काढू या. ते हसले. "तेच तर चाललंय सगळ्यात छान! तुझीच आयडिया ना?" शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा विषय काढला नाही. नोकरीही सोडली नाही.

आता ते तिघं व्हिडिओ कॉलवर गप्पा मारतात. नर्सचं लग्न ठरलंय, येलहंकाचे काका तिला कुकर घेऊन देणार आहेत. "तू पण ये की एकदा कॉलवर," मावशी दर वेळी म्हणते. "त्यांना सांगितलंय मी, माझ्या भाचीनंच आमची गाठ घालून दिली."

मी म्हणते, मीटिंग आहे.