कानामागचा सडका वास

ईशा, नील,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं खदखदून हसलात — "आजी, तू आजोबांना हुंगतेस काय?" मी विषय बदलला. पण तुम्ही आता मोठे झालात आणि खोटं उत्तर मला जमत नाही, म्हणून लिहिते.

आधीच सांगते, मी असलं काही मानत नाही. आपल्या घरात कधी कुणावरून लिंबूसुद्धा उतरवलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये मला सडक्या कांद्याचा वास यायला लागला. माझं माहेर निफाडकडचं. कांदाचाळीत साठवलेल्या ढिगात एखादा कांदा नासला, तर आम्ही पोरी ढिगाला नाक लावून तो शोधायचो. बोट आत रुतायचं, घाण पाणी ओघळायचं, आणि जेवतानाही हाताला तो वास... तोच हा! फ्रिज रिकामा केला, मोरी ॲसिडने धुतली, गाद्या उन्हात टाकल्या. शेवटी सापडला — आजोबांच्या डाव्या कानामागे. तोही सतत नाही, मधूनच भपकन यायचा.

"अहो, अंघोळ करता की नुसतं पाणी सांडता?"

"पन्नास वर्षांनी वास यायला लागला होय माझा?"

मी सरळ दुसऱ्या खोलीत झोपायला लागले.

मग एका सकाळी चहा घेताना त्यांची जीभ जड झाली, शब्द फुटेना. थोड्या वेळाने नीट झालं. डॉक्टर म्हणाले, मानेतल्या डाव्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचलाय, त्याचे बारीक कण सुटून मेंदूत जात असावेत. एखादा मोठा गेला तर बोलणं कायमचं जाईल. आधी अल्ट्रासाउंडने बघू, मग ऑपरेशनचं ठरवू.

डोक्याला पट्टा, कानशिलांवर जेल लावून टेकवलेले प्रोब, आणि मेंदूतल्या रक्ताचा आवाज स्पीकरवर — सूं... सूं... कण गेला की मध्येच 'चिक्'. मी उशाशी बसले होते. एकदम तो वास आला. पदर नाकाला लावला. आणि — चिक्! पुन्हा वास, पुन्हा पदर, पुन्हा चिक्.

टेक्निशियन मुलगी माझ्याकडेच बघत होती. "आजी, आवाज यायच्या आधीच तुम्ही नाक झाकता..."

"तुला येत नाही वास?"

"कसला? मला फक्त जेलचा येतोय."

"तिला मी आवडत नाही, एवढंच," आजोबा पडल्या पडल्या म्हणाले.

गोळ्या वाढवल्या. वास थांबला. आजोबा खूश — "आता कशाला कापाकापी?" डॉक्टरही थांबायला तयार झाले. आणि काही दिवसांनी, मी वाती वळत असताना तो परत आला. असा, की मी बेसिनवर जाऊन ओकले.

"आत्ताच्या आत्ता चला."

"अगं, ठणठणीत आहे मी!"

ओढतच नेलं. पट्टा बांधला, तर स्पीकर नुसता चिकचिकत होता. टेक्निशियन मुलगी डॉक्टरांना बोलवायला धावली.

ऑपरेशन झालं. सर्जनने काढलेला थर बाहेर आणून दाखवला — पिवळट, बुळबुळीत, नासक्या कांद्याच्या पापुद्र्यासारखा. मास्क काढून मी नाक जवळ नेलं. कसलाच वास नव्हता!

नंतर माझ्याही मेंदूची तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. डॉक्टर नुसते हसले. मला अजूनही याचा उलगडा झालेला नाही.

त्या कणांपायी आजोबांचा उजवा अंगठा थोडा बधिर राहिला आहे. बोलणं शाबूत आहे, टोमण्यांसकट. रोज सकाळी मी त्यांच्या कानामागे नाक नेते आणि ते विचारतात, "झाली का तपासणी, बाईसाहेब?"

आज वास नव्हता.