दादाच्या हातचं शेणखत

आमच्या दोन खाचरांमध्ये एकच बांध. अलीकडे दादाचं भात, पलीकडे माझं. दादा गुरांचं शेण, गोठ्यातला केर, सुकलेला पाला वर्षभर गोठ्यामागे साठवायचा. मी शिळफाट्यावरून युरियाची गोणी स्कूटरवर पायांमध्ये ठेवून आणायचो. कारखान्यात नोकरी, वेळ कुठाय, असं सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे शेणाची पाटी डोक्यावर घ्यायची लाज वाटायची. डोक्यावर केस होते तेव्हाची ही लाज, केस गेले तरी राहिली.

युरिया टाकला की आठवड्याभरात माझं भात गडद हिरवं व्हायचं. मी बायकोला मुद्दाम बांधावर नेऊन दाखवायचो. शेजारी दादाचं आपलं फिकट, मुकाट. मग दसऱ्याच्या सुमाराला वारा-पाऊस आला की माझं लोळायचं, त्याचं उभं. दादा बांधावर बसून तंबाखू मळायचा.

"झोपलं का रं तुझं भात? पांघरूण घाल."

"खत कमी पडलं असेल."

"जमीन उपाशी हाय तुझी. तिला जेवाय घालायचं सोडून नुसता चहा पाजतोस."

गेल्या हिवाळ्यात दादा गेला. छातीत कळ आली, खोपोलीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वहिनीला एकटीला गुरं झेपेनात, तिनं ती विकली. राहिला गोठ्यामागचा ढीग. फावड्याच्या पाठीनं थापून त्यानं कडा सरळ केलेल्या, तशाच होत्या.

उन्हाळा सरता सरता वहिनी पाटी घेऊन ढिगापाशी गेली. मी आडवा आलो.

"वहिनी, राहू दे यंदा. दोन्ही खाचरांना मी युरिया आणतो."

ती बघतच राहिली. "जल्मभर हितनं नाक दाबून गेलात तुमी."

"त्याच्या हातचं आहे ते."

"म्हनून काय घरात भरून ठेवू, भावजी? भातासाठी केलंय त्यांनी. पावसात नुसतं वाहून जायचं."

तिनं फावडं मारलं. खत काळं, भुसभुशीत निघालं. वासही शेणाचा नव्हता, रानातल्या मातीचा होता. भरलेली पाटी तिनं माझ्याच डोक्यावर ठेवली. "पयली तुमच्या खाचरात टाका. सारखे म्हनायचे, त्याची जमीन उपाशी हाय."

मी निघालो. खत मानेवरून सदऱ्यात गळत होतं. दोन्ही हात पाटीला, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत. समोरून बायको आली, म्हणाली, "केवढा घाम आलाय." मी मान हलवली, तर आणखी थोडं खत सांडलं.

अर्धा ढीग माझ्या खाचरात गेला, अर्धा त्याच्या. गोठ्यामागे नुसती ओलसर काळी जागा उरली.

दसऱ्याला वारा-पाऊस आला. दादाचं भात उभं राहिलं, माझं पुन्हा लोळलं. सवयीनं मी माझ्या खाचरात वरून युरियाही टाकलाच होता. आणि इतक्या वर्षांची उपासमार एका जेवणानं कुठं भरून निघते.

पाऊस थांबल्यावर मी बांधावर, त्याच्या जागेपासून थोडं सरकून बसलो. माझं भात झोपलेलं होतं. पांघरूण घाल म्हणायला कुणी नव्हतं.