वॉटी कंदिलाचं शेवटचं मत

पोर्टलेननच्या दफनभूमीत निम्म्या दगडांवर गेडीज हेच आडनाव आहे. जिवंतांतही तीच तऱ्हा, त्यामुळे स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावर माणूस ओळखला जातो तो घराण्याच्या टोपणनावानं. वॉटी गेडीजचं घराणं कंदिलांचं. तो वॉटी कंदील, आणि त्याची एकुलती एक मुलगी एल्स्पेथ बासष्टाव्या वर्षीही गावाला कंदिलाची एल्सीच.

एल्सीनं चौतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात हॅडक मासे कापले. एकोणिसाव्या वर्षी तिला न्यूकॅसलला नर्सिंग शिकायची जागा मिळाली होती. पत्र आलं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली. वॉटीनं पत्र वाचलं, पुन्हा घडी घातली आणि म्हणाला, "इंग्लंडात जाऊन परक्यांची आजारपणं काढणार, आणि इथं आईला कोण बघणार?" विषय मिटला. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. एल्सीचं लग्न झालं आणि मोडलं. नवरा पीटरहेडच्या एका बाईकडे राहायला गेला. मुलगी शोना मोठी झाली आणि हट्टानं न्यूकॅसललाच गेली, तिथंच तिनं संसार मांडला. एल्सी बापाच्या घरी परतली ती कायमची.

वॉटी वाईट माणूस नव्हता, हे ती कुणालाही शपथेवर सांगेल. भर वादळात बोटीवर गाणं म्हणणारा, शेजाऱ्याच्या दारात न सांगता मासळी ठेवून जाणारा. पण त्याच्या घरात 'हो' आणि 'नाही' म्हणायचा मक्ता त्याचा होता. देश स्वतंत्र व्हावा, हे त्याचं जन्माचं वेड. गावात या विचाराची दीडच माणसं होती तेव्हापासूनचं: एक वॉटी, आणि अर्धा डोड फार्कर, कारण डोड तेव्हा शाळेत होता. पुढं डोड त्याच्याच बोटीवर लागला आणि पन्नास वर्षं त्याची सावली होऊन राहिला.

एकोणऐंशी सालची एक गोष्ट वॉटी सारखी सांगायचा. तेव्हा स्वतःची विधानसभा हवी का, यावर मतदान झालं. यादीतल्या शंभरांपैकी चाळिसांनी 'हो' म्हणायला हवं, असा नियम लंडननं लावला होता. म्हणजे जो आला नाही तो 'नाही'च्या पारड्यात, आणि यादीत नाव राहिलेला मेलेला माणूसही 'नाही'च्याच. वॉटीची आई त्या जानेवारीत वारली होती, नाव यादीत तसंच. "माझ्या आईला मेल्यावर 'नाही' म्हणायला लावलं," असं तो म्हणायचा, आणि तेवढ्यापुरता त्याचा आवाज फाटायचा.

दोन हजार चौदाच्या सप्टेंबरात स्वातंत्र्याचं सार्वमत ठरलं तेव्हा वॉटी ब्याऐंशीचा होता, फुप्फुसं निकामी झालेली, डोळ्यांसमोर करडा पडदा. टपालानं मत द्यायचे कागद ऑगस्टअखेर आले. एल्सीनं त्याला उशांना टेकवून बसवलं, मांडीवर ट्रे ठेवला. सही त्यानं स्वतः केली. तीन अक्षरांनंतर थांबला, दम खाल्ला, उरलेली केली, आणि त्यातच त्याचा सगळा जोर संपला. मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता, स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का, आणि खाली दोन चौकोन, वरचा 'हो'चा, खालचा 'नाही'चा. तो म्हणाला, "मला चौकोन दिसत नाहीत, पोरी. तू मार फुली."

एल्सीनं पेन उचललं. पुढं दहा वर्षं तिनं त्या क्षणाची कारणं शोधली. शोना सीमेपलीकडे आहे, मध्ये चौकी पडली तर. दाची, म्हणजे बापाची, पेन्शन, स्वतःची पेन्शन. ही कारणं खरी होती, पण फुली मारताना त्यांतलं एकही तिच्या मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. हात खालच्या चौकोनाकडे गेला, शांतपणे गेला, आणि दोन रेघा मारून परत आला.

"मारलीस?" वॉटीनं विचारलं.

"हो," ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले आणि तिच्या मनगटावर हात ठेवला. असा हात त्यानं तिच्या लहानपणीही कधी ठेवला नव्हता. लिफाफा बंद करून ती कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे गेली. पेटीच्या तोंडाशी लिफाफा धरून ती बराच वेळ उभी होती. मागून शाळेची बस आली, मुलं उतरायला लागली, आणि आपण वेड्यासारख्या उभ्या आहोत असं वाटून तिनं तो सोडला.

आठ दिवसांनी वॉटी गेला. दाराशी डोड आला तो आधी रडला, आणि मग त्यानं विचारलं, "त्याचं मत गेलं ना वेळेवर?" एल्सीनं होकारार्थी मान हलवली. सोमवारी दफन झालं. शवपेटी खाली उतरवायच्या दोऱ्यांपैकी डोक्याकडची एल्सीच्या हातात होती, पायांकडची डोडच्या. तिथून परतताना डोड सगळ्यांना सांगत होता की वॉटीनं मरणाच्या दारात बसून 'हो'वर फुली मारली, त्याला आता कुणी 'नाही' म्हणायला लावू शकत नाही. ते ऐकून एल्सीला एकोणऐंशीची गोष्ट आठवली. आईच्या नावानं जे वॉटीनं पस्तीस वर्षं उगाळलं, तेच तिनं त्याच्या नावानं करून ठेवलं होतं. तो मातीखाली होता, आणि त्याचं 'नाही' मोजणीची वाट बघत कुठल्याशा पेटीत पडून होतं.

गुरुवारी ती गावच्या हॉलमध्ये मत द्यायला गेली. तिचं स्वतःचं मन 'नाही'चं होतं, पण तिनं 'हो'वर फुली मारली. घेतलेलं परत ठेवून यावं तसं. निकाल लागला, शंभरांत पंचावन्न 'नाही', पंचेचाळीस 'हो'. डोड हरला, तरी वॉटीची गोष्ट त्यानं सोडली नाही.

आणि घरात ठोके सुरू झाले.

वॉटी वरच्या खोलीत झोपायचा, आणि चहा हवा असला की काठीनं जमिनीवर दोनदा ठोकायचा. दोन वर्षांनी युरोपातून बाहेर पडायचं मतदान झालं त्या उन्हाळ्यात रेडिओवर पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की आता आणखी एक सार्वमत घ्यावं लागेल, आणि भर दुपारी, एल्सी बटाटे सोलत असताना, डोक्यावर दोन ठोके पडले. ती सवयीनं उठली, किटली लावली, कप भरला, आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर तिला आठवलं. शोना म्हणाली पाण्याचे नळ असतील. प्लंबरनं नळ बदलले. त्यानंतर वर्ष शांत गेलं, मग टीव्हीवर पुन्हा विषय निघाला आणि पुन्हा ठोके. कोर्टानं सांगितलं की लंडनच्या परवानगीवाचून सार्वमत घेता येणार नाही, त्या आठवड्यात तर ते रोज आले. तिनं रेडिओ बाहेरच्या शेडमध्ये नेऊन ठेवला. पण विषय गावात सगळीकडे होता, बेकरीत, बसथांब्यावर. आणि पुन्हा मत घ्यायचं की नाही यावर दोन माणसं हुज्जत घालू लागली की ती अर्धी खरेदी टाकून घरी यायची, आणि घरी आली की वर कुणीतरी बसलेलं असल्यासारखी जमीन जड वाटायची.

डोड या सगळ्या वर्षांत दारोदार हिंडत होता. दुसरं सार्वमत हवं म्हणून सह्या घेत होता. त्याच्या पत्रकावर वॉटीचा फोटो होता, बोटीवर टोपी मागे सारून हसणारा, आणि खाली ती मरणाच्या दारातली फुली. दर वर्षी एक पत्रक एल्सीच्याही दारातून आत पडायचं, आणि ती बापाचं तोंड पायपुसण्यावरून उचलायची.

दोन हजार चोवीसच्या सप्टेंबरात, दहा वर्षं झाली म्हणून, डोडनं हॉलमध्ये जाहीर चर्चा ठेवली: सार्वमत पुन्हा घ्यावं का. दोन्ही बाजूंचे लोक बोलवले. एल्सीनं व्यासपीठावर बसून दोन शब्द बोलावेत म्हणून तो तीनदा येऊन गेला. दोनदा ती नाही म्हणाली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "माझंही आता काही खरं नाही, एल्सी. वॉटीसाठी एवढं कर." ती हो म्हणाली.

त्या शनिवारी दुपारी समुद्रावरून धुकं चढून आलं होतं, हॉलच्या खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. साठएक माणसं होती. टेबलावर वॉटीचा मोठा फोटो. निवृत्त हेडमास्तर इनेस पुन्हा सार्वमत घेण्याच्या विरोधात बोलले: एकदा विचारून झालं, उत्तर मिळालं, मनासारखं उत्तर येईपर्यंत विचारत राहणार का? मागून एक बाई म्हणाली की तेव्हाचं जग वेगळं होतं, मग उत्तर तेच कसं? टाळ्या दोघांनाही मिळाल्या. मग डोडनं एल्सीला उभं केलं.

तिनं बापाच्या फोटोकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "दाच्या मतपत्रिकेवर फुली मी मारली. त्याला दिसत नव्हतं. त्यानं 'हो'वर मार म्हणून सांगितलं नाही, कारण ते सांगायची गरज त्याला वाटली नाही. मी 'नाही'वर मारली. त्यानं विचारलं मारलीस का, मी हो म्हटलं."

ती पुढं म्हणाली की नंतर तिनं स्वतःचं मत त्याच्यासाठी म्हणून 'हो'ला दिलं. "पुन्हा विचारावं की नाही, हे मला विचारू नका. माझी एकदा दोन मतं देऊन झाली आहेत, आणि दोन्ही खोटी."

इनेस मास्तर हलकेच म्हणाले की म्हणजे अखेर एक मत तरी शहाणपणाचं पडलं. दोघंतिघं हसले. एल्सी त्यांच्याकडे वळली. "मास्तर, ते शहाणपण नव्हतं. चोरी होती." डोड उठला, त्यानं टेबलावरचा फोटो उचलला, कोटाच्या आत धरला आणि कुणाशी न बोलता धुक्यात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एल्सी पोलीसचौकीत गेली. तिथल्या तरुण शिपायानं सगळं लिहून घेतलं, आत फोन करून विचारलं आणि अदबीनं सांगितलं की अशा गुन्ह्याची मुदत केव्हाच उलटली आहे, तुम्ही घरी जा. शिक्षा तरी मिळेल, या आशेनं ती गेली होती. गावानंही धड शिक्षा केली नाही. 'हो'वाल्यांनी बोलणं सोडलं. 'नाही'वाल्यांनी चहाला बोलावलं, हे त्याहून वाईट. घरात ठोके थांबले नाहीत.

फेब्रुवारीत एका सकाळी डोड दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही. "तू फुली कुठं मारलीस याचं मला काही नाही," तो म्हणाला. "मला तसं म्हणता येतं, मी पाच महिने सराव केलाय. पण तू मला दहा वर्षं ती गोष्ट सांगू दिलीस. किती दारांत सांगितली, ठाऊक आहे? माणसं रडली त्या गोष्टीवर. सह्या दिल्या. मला आता झोप येत नाही. ती दारं दिसतात."

एल्सीनं विचारलं, मग काय करायचं.

"मी पुन्हा जाणार. प्रत्येक दारात. जमतील तितक्या दारांत." त्यानं खिशातून वह्या काढल्या, गल्लीवार नावं लिहिलेल्या. "मी एक्क्याऐंशीचा आहे. एकट्यानं होणार नाही."

तिनं कोट चढवला.

त्या दिवशी त्यांनी चौदा दारं केली. सांगायची ती एल्सी. डोड पायरीखाली टोपी हातात घेऊन उभा. एका म्हाताऱ्यानं पुरतं ऐकून न घेता दार लावलं. एका घरात दोघांना बळंच बसवून धुरवलेल्या हॅडकचं सूप पाजलं आणि विषयच काढू दिला नाही. एक माणूस म्हणाला की हे मला कुणी सांगितल्याचं आठवतच नाही, आणि डोडचा चेहरा पडला. एक बाई एल्सीकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुझी आई आजारी होती ना गं तेव्हा, तुला नर्स व्हायचं होतं. एल्सीनं वही उघडून पुढचं नाव शोधलं.

पुढच्या मंगळवारी चढावरच्या घरात क्रिसी स्लेटर दाराशी आली, हात पिठानं भरलेले. तिनं सगळं ऐकलं. तिच्या मताचा वॉटीशी संबंध नव्हता, असं ती म्हणाली. तिनं नवऱ्याच्या पगाराकडे बघून मत दिलं होतं. मग हात पुसत तिनं विचारलं, "ते जाऊ दे. पण पुन्हा घेणार आहेत का ते? काय वाटतं तुम्हाला?"

"घ्यायलाच हवं," डोड म्हणाला.

"नको," एल्सी म्हणाली.

डोडनं वळून तिच्याकडे पाहिलं. तिचं मत त्यानं साठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं होतं. "वॉटीची पोरगी असून असं म्हणतेस?"

"वॉटीची पोरगी बासष्ट वर्षांची आहे, डोड. तिला नको आहे. पण घेतलंच, तर ती तिच्या एका मतानं नको म्हणेल."

क्रिसीनं दार ओढून घेतलं, वारा आत येत होता. ती दोघं उतारावरून खाली निघाली, हुज्जत घालत. डोड म्हणत होता की पोरांना विचारायचा हक्क आहे, ती म्हणत होती की मग पोरांनाच विचारू दे, तू कशाला दमतोस. आणि मध्येच तो थांबून वही डोळ्यांजवळ धरून बघत होता की डावीकडचं फाटक झालं की राहिलं. राहिलं होतं. एल्सीनं कडी काढली.