अकरा नावांचा पुठ्ठा

अक्षरं मी पत्रकांवरून शिकलो. वडील सभेहून येताना ती आणायचे, आणि शाळेत जायच्या आधीच मला 'कामगार' लिहिता येत होतं. म्हणून अंबरनाथला फोटोचं दुकान टाकलं तेव्हाच ठरवलं, आठवडाभर गिऱ्हाइकांचे फोटो काढायचे आणि रविवारी आपल्या लोकांचे, फुकट. चाळीत नाहीतर निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत माणूस मेला की घरचे फोटो शोधत फिरायचे. मला ते जिवंतपणी काढून ठेवायचे होते.

एका रविवारी जवळच्या कारखान्यातली अकरा माणसं आली. युनियन उभी करायला त्यांनी गुपचूप समिती केली होती. मालकाला चाहूल लागली असती तर अकराही जण घरी बसले असते. सगळ्यांत वडील एक मावशी होत्या, रंगखात्यात काम करून हात कोपरापर्यंत निळे झालेल्या.

मागे महालाचा पडदा होता, कॅम्पातल्या एका सिंधी पेंटरने रंगवलेला.

"हा महाल काढ रे," एकजण म्हणाला. "लोक हसतील."

"असू दे," मावशी म्हणाल्या. "घरी पत्रा गळतोय, इथं तरी महालात बसू."

फोटो छान आला. साहेबांच्या ग्रुपफोटोखाली नावं असतात, मग आमच्या का नकोत? मी प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवली आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'डावीकडून बसलेले', 'उभे', अकराही नावं आडनावांसकट. कुणाला न विचारता बाहेरच्या शोकेसमध्ये लावली. तत्त्व म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा टाइमकीपर शोकेससमोर उभा दिसला. नाक काचेला लागलं होतं.

"वेगवेगळ्या खात्यांची माणसं दिसतात. लग्नबिग्न होतं का?"

"हो," मी म्हणालो.

"चेहरे पाहिल्यासारखे वाटतात. हजार माणसांत नावं कुठं लक्षात राहतात? चष्मा ऑफिसात राहिला, नाहीतर इथंच वाचली असती. एक कॉपी करून ठेव. नावांसकट. उद्या येतो."

तो गेल्यावर मी पुठ्ठा उतरवला. घाईत ब्लेड दोनदा निसटलं आणि बोटाचं रक्त प्रिंटवर पडलं. नावांची पट्टी कापून दुकानामागच्या खोलीतल्या चुलीत घातली. निगेटिव्हची काच तांदळाच्या डब्यात खुपसली. तरी भीती हटेना. वाटेवर कुणाच्या चपला वाजल्या की वाटे, हा चष्मा घेऊन परत आला.

संध्याकाळी मावशींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबले नाहीत.

"नावं लाव म्हणून कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणीच नाही."

"आमच्या नावानं शूर झालास होय रे?"

दुसऱ्या दिवशी तो चष्मा लावूनच आला. रिकाम्या शोकेसकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुठ्ठ्यावर पाणी सांडलं साहेब. फोटो खराब झाला, टाकून दिला."

"निगेटिव्ह असेल ना?"

"फुटली."

तो माझ्या बोटावरच्या चिंधीकडे बघत राहिला. "आणि तू? तू त्यांच्यातला आहेस का?"

समितीची पत्रकं मीच लिहीत होतो. बारावा मी होतो, फक्त कॅमेऱ्यामागे असल्यामुळे फोटोत नव्हतो.

"नाही," मी म्हणालो. "मी फोटोवाला."

शनिवारी सुट्टीच्या भोंग्याला मी कारखान्याच्या गेटसमोर जाऊन उभा राहिलो. दहा चेहरे दिसले. गर्दी विरळ झाली तरी अकरावा येईना. मग मावशी आल्या, सगळ्यांच्या शेवटी, निळे हात पदराला पुसत. माझ्याजवळून जाताना थांबल्या नाहीत.

"मोजून झाले? उद्या रविवार आहे," त्या पुढं बघतच म्हणाल्या. "आम्ही येतो. या वेळी महालासमोर तू बस."

रविवारी मी दुकान उघडलं नाही.