पक्की न केलेली ओळ

नात पुण्याला कॉम्प्युटरवर काम करते. तिनं आपला जुना लॅपटॉप मला वडवणीला आणून दिला आणि त्यात एक छोटा प्रोग्राम करून ठेवला. काळ्या खिडकीत 'आजी' एवढं टाइप केलं, की घरातला एक जुना फोटो उघडतो. कधी आमचे हे दुकानाच्या पायरीवर, कधी ती स्वतः, पुढचे दोन दात पडलेली. सारी नोकरी तहसीलमध्ये टायपिंग करण्यात गेली, त्यामुळं बोटांची अडचण नव्हती.

अडचण मशीनची. 'आजी' म्हटलं, की ते म्हणायचं, अशी कमांड सापडली नाही.

मी फोन लावला. ती म्हणाली, "आजी, त्याच्याकडं जागांची यादी असते. पाथ म्हणतात. कमांड दिली की तेवढ्याच जागा ते ओळीनं धुंडाळतं. तुझा फोल्डर त्या यादीत नाही." मग तिनं एक ओळ सांगितली, मी टाइप केली, हे पायरीवर हजर. पण खिडकी मिटली की मशीन ती ओळ विसरायचं. दर रविवारी माझा फोन, तिची तीच ओळ, आणि मग जेवलीस का, गुडघा कसाय.

"खिडकी उघडताना मशीन जी फाईल आधी वाचतं, त्या सुरुवातीच्या फायलीत लिहून ठेवली की कायमची होईल," ती एकदा म्हणाली. "आले की करून देते."

मी तिची वाट कशाला बघू? स्वतःच लिहिली. पुढच्या रविवारी फोटो पहिल्या फटक्यात आला. आणि फोन करायला कारणच उरलं नाही. बिनकामाचा फोन करायची मला सवय नाही. दुपारभर बसून राहिले. संध्याकाळी फायलीतली ओळ खोडून टाकली.

नवी सून होते तेव्हा मी लई शहाणी. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा सासूबाईंनाच ठाऊक. जिरं हवं असलं की विचारा, मोहरी हवी असली की विचारा. मला तो कमीपणा वाटायचा. ऑफिसातून कागद आणून मी एका दिवसात सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, ठसठशीत अक्षरात. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्या उंबऱ्यापाशी बसून बघत होत्या. "आता काहून इचारशील मला," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, शाबासकी दिली. असली अक्कल होती माझी.

दिवाळीत नात आली. लॅपटॉप उघडून आधी दिलेल्या कमांडा मागं मागं बघत गेली.

"आजी, ही ओळ फायलीत तू लिहिलीस?"

"मला काय येतंय त्यातलं."

"आणि मग खोडलीस."

मी लसूण सोलत राहिले. तिनं ओळ पुन्हा लिहिली, पक्की केली, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेली.

रविवारी 'आजी' टाइप केलं. फोटोत सासूबाई निघाल्या, उंबऱ्यावर बसलेल्या. फोन हातात घेऊन ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी लावला.

"काय बिघडलं गं?"

"मशीन चांगलं हाय. जिऱ्याचा डबा सापडंना."

"तुझ्या घरात? त्याच्यावर चिठ्ठी आहे की, आजी."

"असंल," मी म्हणाले. "तू सांग."